झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

गुडघा फुटला की आज्जी टिंचर आयोडीनची बाटली काढायची. कापसाचा बोळा जखमेला टेकला की मी किंचाळायचे. ती माझा पाय घट्ट धरून म्हणायची, "झोंबतंय न्हवं? मग लागू पडतंय." घसा धरला की घोट घेववणार नाही इतकं कढत मिठाचं पाणी, दात दुखला की लवंगेचं तेल. जे औषध जास्त जाळेल ते खरं, असा आमच्या घराचा विश्वास होता. आज्जीनं उभं आयुष्य विड्या वळण्यात काढलं. तंबाखूनं तिच्या बोटांची कातडी कायम चुरचुरायची. सोसायची तिला सवय होती, आणि बरं होण्याचा रस्ता सोसण्यातूनच जातो हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

चौदाव्या वर्षी माझ्या कपाळावर मुरमं आली आणि हा विश्वास माझ्या तोंडावर आला.

लिंबू चोळून झालं. कडुलिंबाचा पाला वाटून लावून झाला. रात्री एकेका पुळीवर टूथपेस्टचा ठिपका ठेवून झोपणं झालं. सकाळी तिथली कातडी पापडासारखी सुटायची. मुलतानी माती वाळून चेहरा ओढला जायचा तेव्हा "बघ, आतली घाण ओढून काढायलीय" असं शेजारच्या वैनी सांगायच्या. आणि दिवसातून चार वेळा साबण. शाळेत जाताना, आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. घाण साठते म्हणून मुरमं येतात, तर घाण धुवायची, इतकं सरळ गणित. गणित चुकलं की दोष माझा. "नीट धुत नाहीस," आई म्हणायची. आई वाईट नव्हती, तिला माझी काळजी होती, पण ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मी घाण मुलगी आहे असं मला खरंच वाटू लागलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे वाटणं फार वाईट असतं. वर्गात मी कायम डाव्या बाजूच्या बाकावर भिंतीला लागून बसायचे, कारण माझा डावा गाल उजव्यापेक्षा खराब होता.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा हा आमच्या वर्षाचा सगळ्यात आनंदाचा काळ. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, बांगड्यांची आणि भांड्यांची दुकानं लागतात. बारावीच्या वर्षी तिथल्या एका स्टॉलवर आईनं माझ्यासाठी क्रीमची डबी घेतली. डबीवर कंपनीचं नाव होतं, आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती झोंबली, म्हणून दोन महिने वापरली. पुढं एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली. त्या ट्यूबनं मात्र जादू केली. पंधरा दिवसांत मुरमं गेली, रंग उजळला, मावशीनं लग्नाचा विषय काढला. तिसऱ्या महिन्यात ट्यूब संपली आणि दोन दिवस मी ती लावली नाही, तर चेहरा लालभडक झाला, उन्हात गेलं की पेटल्यासारखा. पुन्हा लावली की शांत. सोडली की आग.

त्यात स्टेरॉइड होतं. हे मला सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. माझ्यासारख्या मुली रोज येतात, असंही त्या म्हणाल्या. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकायची नाहीत म्हणून २०१८ मध्ये त्यांतल्या कितीतरी मलमांना सरकारनं शेड्यूल एच या औषधांच्या यादीत टाकलं. मला ट्यूब मिळाली ती त्याच्या बऱ्याच आधी. हे वाचणाऱ्या कुणाच्या हातात अशी गोरं करणारी, मुरमं घालवणारी, खाज थांबवणारी एकच ट्यूब असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे, ती एकदा डॉक्टरांना दाखवा. एकदम बंदही करू नका, दाखवा.

त्या बाईंनी दुसरंही एक सांगितलं, आणि त्या वाक्यानं मी तिथंच बाकावर बसून रडले. "तुझा चेहरा घाण नाहीये. मुरूम घाणीनं येत नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कातडीखाली तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना त्या जास्त तेल करतात. वर यायच्या वाटेवर मेलेल्या पेशींचा बूच बसतो, आत तेल तुंबतं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू सगळ्यांच्याच कातडीवर राहतात, ते त्या तुंबलेल्या जागी वाढतात आणि सूज येते. बूच आत, खाली. वरून साबण घासून तो निघत नाही. घासण्यानं होतं काय, तर कातडीचं वरचं पटल फाटतं आणि औषध लावायला जागाच धड राहत नाही. फेसवॉशचं काम अगदी छोटं, त्या म्हणाल्या. दिवसभराचं तेल, धूळ, घाम काढायचा, आणि बाकी काही बिघडवायचं नाही. दिवसातून दोनदा. बास.

छोटं काम. पण हे छोटं काम करणारी वस्तू शोधायला मला दोन वर्षं लागली.

एक अडचण आमच्या पाण्याची. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते उजनीचं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी भरून ठेवायचं, अंघोळीला आणि धुण्याला बोअरचं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण फुटतो. फेस होत नाही, बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर धरतो. लहानपणापासून पाहिलेल्या या गोष्टीचा माझ्या चेहऱ्याशी संबंध आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणातल्या स्निग्धाम्लांशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो, तोच बादलीला चिकटतो. आणि तोच गालालाही. फेस आला नाही म्हणून आपण आणखी साबण घेतो, आणखी घासतो, आणि तो साका धुवायला आणखी तेच पाणी. शिवाय साबण क्षारधर्मी, त्याचा पीएच ९ ते १०. कातडी किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५. चार वेळा धुतलेला माझा चेहरा दिवसभर क्षारातच असायचा.

याला उतारा आहे, आणि तो महाग नाही. साबणासारखी दिसणारी पण साबण नसलेली वडी मिळते. तिला सिंडेट बार म्हणतात. तिच्यातले फेस करणारे घटक जड पाण्यात फुटत नाहीत, साका धरत नाहीत, आणि पीएच कातडीच्या जवळ ठेवता येतो. वेष्टनावर मागं बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, जे जास्त आहे ते आधी. 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नलेट' अशी नावं सुरुवातीला दिसली की तो साबण. 'सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट' सुरुवातीला असेल तर सिंडेट. 'टॅलोएट' दिसलं तर जनावराची चरबी. दुकानात उभं राहून हे वाचताना दुकानदार टक लावून बघतात. बघू देत.

आता माझ्या पप्पांची गोष्ट सांगते, कारण मुरमांबद्दल मला मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला त्यांचा आहे.

डॉक्टर बाईंनी रात्री लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब दिली होती. पंधरा दिवसांनी आई टॉवेल घेऊन माझ्यावर ओरडत आली. राणी रंगाचा नवाकोरा टॉवेल, त्यावर पिवळट पांढरे डाग. सोलापूरच्या घरात टॉवेल-चादरींना काय तोटा, पण तो टॉवेल पप्पांनी मुद्दाम चांगला बघून आणला होता. पप्पा तेव्हा टॉवेलच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. त्यांनी डाग उजेडात धरला, बोटानं चोळला आणि म्हणाले, "हा डाग न्हाई, रंग उडालाय. पेरॉक्साइड लागलंय याला. तू तोंडाला काय लावायलीस?" मी ट्यूब दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि बराच वेळ गप्प बसले. टॉवेल रंगवण्याआधी सूत पांढरं करायला त्यांच्या खात्यात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत. त्याचे थेंब उडून त्यांच्या मनगटावर पांढरे चट्टे पडायचे. भाऊबंदच होतं ते.

"हे वाईट हाय असं न्हाई," ते म्हणाले. "पण आमच्याकडं कुठलंबी रसायन डायरेक्ट सगळ्या लॉटला घालत न्हाईत. आधी चिंधीवर नमुना काढायचा. नमुना जमला की लॉट. तू सगळ्या तोंडाला का लावलीस एकदम?"

तेव्हापासून काहीही नवीन आणलं की मी कानामागं, जबड्याच्या कोपऱ्यात, तीन-चार दिवस लावून बघते. आमच्या घरात याला 'नमुना काढणं' म्हणतात. आणि चेहरा पुसायला पांढरा टॉवेल.

फेसवॉशचा शोध इथवर माझ्या एकटीच्या चेहऱ्यापुरता होता. तो पुढं का गेला, ते सांगते. एका ट्यूबवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असं लिहिलेलं होतं. म्हणजे छिद्रं बुजवत नाही, मुरमं आणत नाही. आमच्यासारख्यांसाठी हा शब्द म्हणजे खुणेचा दिवा, तो बघूनच आम्ही वस्तू उचलतो. हे ठरवतात कसं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि पहाटे तीनपर्यंत झोपले नाही.

सशाच्या कानावरून ठरवलं होतं.

१९७२ मध्ये आल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांनी येणाऱ्या मुरमांवर लेख लिहिला. त्यासाठी प्रसाधनं सशाच्या कानाच्या आतल्या नाजूक कातडीला लावून पाहिली होती. रोज लावायचं, काही आठवड्यांनी छिद्रं बुजली का ते तपासायचं. अमुक तेलाला इतके गुण, तमक्या मेणाला तितके, अशा ज्या याद्या आजही फिरतात, त्यांचं मूळ बहुतांशी या कानांत आहे. आणि सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर बिघडतो, म्हणून त्या याद्या माणसाला तंतोतंत लागूही पडत नाहीत. आता माणसांच्या, स्वेच्छेनं आलेल्यांच्या पाठीवर चाचणी करतात. पण शब्द तिथून आला.

याच क्लिगमननं फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवरही प्रयोग केले. कैद्यांना त्याचे थोडेफार डॉलर मिळायचे. दारातून बाहेर पडता येत नसलेल्या माणसाचं 'हो' कितपत 'हो' असतं?

मग डोळ्यांचं वाचलं. १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत घालून दिली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज, बुबुळाचा धुरकटपणा मोजून गुण द्यायचे. पंज्यानं चोळता येऊ नये म्हणून मान अडकवून ठेवायची. ससाच का? तो गरीब, चावत नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कमी येतं. घातलेलं धुऊन निघत नाही.

या चाचणीमागं खरं दुःख होतं, तेही सांगितलं पाहिजे. १९३३ मध्ये अमेरिकेत 'लॅश लुअर' नावाच्या पापण्या रंगवायच्या द्रव्यानं बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एक आंधळी झाली. तेव्हा प्रसाधनांवर कायदाच नव्हता, तो १९३८ मध्ये आला. म्हणजे बाईच्या डोळ्याची काळजी म्हणून सशाचा डोळा. काळजी खरी होती. पण झोंबणं कुठं गेलं नाही, ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलं.

माझी एक शाळासोबती साखर पेठेत राहायची. तेलुगू घर, खाली माग, वर माळ्यावर बिऱ्हाड. तिच्याकडं एक पांढरा ससा होता. यंत्रमागाच्या खडखडाटात तो घाबरत नसे. सुताच्या बाचक्यांमागं बसलेला असे आणि माग थांबले, की दुपारच्या शांततेत हळूच बाहेर येई. गुलाबी डोळे. उन्हात त्याचे कान आरपार दिसायचे, आतल्या बारीक शिरांसकट. तो तोंड धुवायचा! दोन्ही पुढचे पंजे जिभेनं ओले करून भराभर नाकावरून, गालांवरून, मग एकेक कान खाली ओढून त्यावरून. आम्ही दोघी पोटावर पालथ्या पडून ते बघायचो. त्याच्या मिशांना रुई चिकटलेली असायची, ती तो निगुतीनं काढायचा. त्या पहाटे मला सारखे त्याचे कान दिसत होते. मला माझ्या चेहऱ्याची आग माहीत आहे. तीन महिने माहीत आहे. ती दुसऱ्या कुणाच्या कानात भरून मला माझा गाल नको होता.

सकाळी ठरवलं, प्राण्यांवर तपासलेलं काही वापरायचं नाही. आणि त्याच आठवड्यात माझी हिंमत खचली. नवी पेठेत एका मोठ्या दुकानात, प्राण्यांवर तपासलेलं नाही या खुणेचा ससा छापलेल्या वस्तूंचं वेगळं कपाट होतं, तिथली ट्यूब पाचशेच्या खाली नव्हती. मी कारखान्यात पॅकिंगचे हिशेब बघते. चेहरा धुवायला पाचशे रुपये माझ्या पगारात बसत नाहीत. दया ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे, असं मनात येऊन गेलं, आणि त्याचं फार वाईट वाटलं.

ते खरं नव्हतं. खरं काय आहे ते कुणी तरी त्या कपाटावर लिहायला हवं.

भारतात सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला मे २०१४ पासून कायद्यानं बंदी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं बाहेरून आणायलाही बंदी आली. म्हणजे मधल्या मारुतीजवळच्या छोट्या दुकानात मिळणारा, इथंच बनलेला, दीडशे रुपयांचा फेसवॉश, त्यावर ससा असो नसो, आपल्या देशात कुठल्या सशाच्या डोळ्यात घालणं हा गुन्हा आहे. युरोपीय संघानं पूर्ण बंदी २०१३ मध्ये घातली, आपण त्यांच्या पाठोपाठ. ही गोष्ट मला शाळेत, कॉलेजात, टीव्हीवर कुणीही सांगितली नव्हती. मला तिचा मनापासून अभिमान वाटतो.

मग ससा कशाला छापतात? कारण कंपनी इथं तपासत नसली तरी दुसऱ्या देशासाठी, दुसऱ्या देशात तपासू शकते. चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या साध्या प्रसाधनांना प्राण्यांवरची चाचणी अनेक वर्षं सक्तीची होती, ती २०२१ मध्ये अटींसह सैल झाली. शिवाय कच्चा माल पुरवणारे वेगळे, त्यांनी काय केलं हा प्रश्न वेगळा. उडी मारणाऱ्या सशाचं 'लीपिंग बनी' हे चिन्ह मिळवायला पुरवठादारांपर्यंतची साखळी दाखवावी लागते. ते १९९६ पासून आहे. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा' या संस्थेची वेगळी यादी आहे. पुण्यात 'ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून हेच काम करते, आणि ती आपल्या इतक्या जवळ आहे हे कळल्यावर मला बळ आलं. याउलट कुठल्याही संस्थेचं नाव नसलेला, कंपनीनं स्वतःच काढून घेतलेला गोंडस ससाही ट्यूबवर असतो. त्याच्यामागं कंपनीच्या शब्दापलीकडं काही नाही.

आणि हिरवा ठिपका म्हणजे ससा नव्हे. ही गल्लत मी स्वतः वर्षभर केली. हिरवा ठिपका सांगतो की आतलं शाकाहारी आहे. कशावर तपासलं ते तो सांगत नाही. उलट मध किंवा मधमाशीचं मेण असलेली वस्तू कुणाला न छळता तपासलेली असू शकते. मी दोन्ही बघते. मध मला चालतो, चरबी चालत नाही, हा माझा हिशेब. तुमचा वेगळा असेल.

नावं विचाराल तर, 'प्लम'चा ग्रीन टी फेसवॉश तेलकट, मुरमांच्या कातडीसाठीच आहे आणि ती कंपनी पेटाच्या यादीत आहे. 'डव्ह'ला पेटाची मान्यता २०१८ मध्ये मिळाली आणि तिची वडी सिंडेट आहे, मात्र सुगंधी, म्हणून नमुना काढल्याशिवाय घेऊ नका. यादी दर वर्षी बदलते, कंपन्या विकल्या जातात, म्हणून विकत घ्यायच्या दिवशी पुन्हा बघावं. मी स्वतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी बिनवासाची सिंडेट वडी वापरते. सुरीनं तिचे चार तुकडे करते, एक बाहेर, तीन डब्यात कोरडे. मोठी वडी ओल्या साबणदाणीत निम्मी विरघळून जाते. मार्चपासून सोलापूर तापायला लागतं, पारा चाळिशी ओलांडतो, कारखान्यात घामावर रुई चिकटते, तेव्हा सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते बुचापर्यंत पोचतं. पण रोज दोनदा मला सोसत नाही, तेव्हा फक्त रात्री. शंभर मिलीची दोनशे रुपयांची ट्यूब, हरभऱ्याएवढा थेंब, माझ्याकडं तीन महिने जाते. दिवसाला सव्वादोन रुपये. शेवटचं धुणं तेवढं तांब्याभर नळाच्या पाण्यानं, हे मी पाण्याच्या दिवशी वेगळ्या कळशीत भरून ठेवते. आईला आधी ती उधळपट्टी वाटली. आता कळशी तीच भरते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही आणि ती लपवणं बरं नव्हे. बेंझॉइल पेरॉक्साइडची ती ट्यूब औषध आहे, प्रसाधन नाही. २०१४ ची बंदी प्रसाधनांना आहे. औषधं बाजारात येण्याआधी प्राण्यांवर तपासली जात आली आहेत. मार्च २०२३ मध्ये सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत बदल करून माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींसारख्या, प्राणी न वापरणाऱ्या पद्धतींना वाट करून दिली. वाट झाली आहे, त्यावरून चालणं अजून व्हायचंय. मग मी ट्यूब टाकून द्यायची का? मी टाकली नाही. तिनं मला भिंतीकडच्या बाकावरून उठवलं. जिथं पर्याय आहे तिथं मी तो घेते, जिथं नाही तिथं मी ते मलम कमीत कमी, नेमकं लागेल तेवढंच लावते, आणि ज्याच्या अंगावर ते आधी लागलं असेल त्याची मला जाणीव राहते. चांगलं उत्तर सापडलं तर मी बदलेन.

मागच्या मे महिन्यात ताईची मुलगी सुट्टीला आली. चौदा वर्षांची. कपाळावर केस ओढून घेतलेले, बोलताना सारखा हात तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ती लिंबाची फोड गालावर घासत होती, डोळे गच्च मिटून, दात आवळून. मी फोड काढून घेतली. आधी बोलले नाही काही. तिच्या कानामागं चार दिवस नमुना काढला, चार दिवस तिला धीर धरवत नव्हता. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिच्या तळव्यावर हरभऱ्याएवढा थेंब दिला आणि कळशीतलं पाणी तांब्यानं हळूहळू ओतत राहिले. दोन्ही ओंजळींनी ती भराभर गाल धूत होती, मग कपाळ, मग कानांच्या पाळ्या. मग चेहरा तसाच ओला ठेवून, डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं.

"मावशे, झोंबलंच न्हाई की."

"हं."

"मग धुतलं गेलं का पण?"

मी तिला टॉवेल दिला. पांढरा.